निमकर काकांची तक्रारबंदी

निमकर काका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी सोफ्यावर तीन ठिकाणी बसून पाहिलं. आधी डावीकडे, मग मधे, मग उजवीकडे. कप हातात तसाच. मग खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला, सोफ्याचे पाय निरखले आणि म्हणाले, "मागचा उजवा पाय पाव इंच आखूड आहे. दुकानाला कळवलंत का?" जर्सी सिटीतल्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला चार दिवस झाले होते. खोकीसुद्धा धड उघडली नव्हती. मी मनात म्हटलं, काय बाप्पा, हे कुठलं ध्यान शेजारी मिळालं.

तर या ध्यानाची ओळख करून देते. काका मूळचे डोंबिवलीचे. अमेरिकेत येऊन पस्तीस वर्षं झाली आणि त्यातली तीस त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. असा माणूस रिटायर झाल्यावर गप्प बसेल का? उरलेलं जग कुणी न तपासताच वापरायला दिलंय अशी त्यांची खात्री आहे, आणि ते रोज सकाळी त्यातलं थोडं थोडं तपासून घेतात.

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "अपेक्षित काय, प्रत्यक्ष काय?" प्रत्येक बिघाडाला ते नंबरही देतात, त्याला सेव्हरिटी म्हणतात. एक नंबर म्हणजे सगळं ठप्प, चार नंबर म्हणजे नुसतं दिसायला वाईट. माझ्या उपम्याला त्यांनी तीन नंबर दिला. "म्हणजे काम चालतं," त्यांनी मला समजावून सांगितलं, "पण खटकतं." यावर माझा नवरा अमेय इतका हसला की मी त्याला आठवडाभर तोच उपमा डब्यात दिला.

तोंड माझंही काही कमी नाही. नागपूरची आहे मी. पण मी भांडते ती डोकं फिरलं म्हणून. काकांचं डोकं फिरतच नाही. ते गोड हसत, हात मागे बांधून काउंटरसमोर उभे राहतात आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतात. इमारतीच्या ऑफिसातली मुलगी त्यांना लांबून येताना बघितलं की फोन कानाला लावते. तो फोन बंद असतो हे काकांना ठाऊक आहे, त्याचीही नोंद त्यांच्या वहीत आहे. पण खरं सांगायचं तर आमची लिफ्ट आज सरळ चालते ती काकांमुळेच, आणि कुणी त्यांना साधं थँक्यू म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

सुनंदा काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी रेवा, इथेच जन्मलेली. ती तिकडे दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडला जनावरांची डॉक्टर आहे. नवरा मॅट, चार वर्षांचा मुलगा नील. काकू गेल्यापासून रेवा जर्सी सिटीला एकदाही आली नव्हती आणि काकांना तिने तिकडे बोलावलं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. ती विचारायची कसा आहेस, काका आठवड्यात काय काय बिघडलं ते सांगायचे, मग ती म्हणायची ओके बाबा, गॉट टू गो. फोन ठेवल्यावर काका आमच्याकडे यायचे आणि इराला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीला, बुद्धिबळात हरवायचे.

अशात एका जानेवारीत ते आमच्या दारात लॅपटॉप घेऊन उभे. म्हणाले, कॅरिबियनमध्ये एक फॅमिली बीच रिसॉर्ट आहे, फेब्रुवारीच्या सुट्टीत पाच दिवस जायचं, रेवा येते म्हणालीय, तुम्हीही चला. मी म्हटलं, काका, तुमच्या फॅमिलीत आम्ही कशाला? ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "आम्ही दोघंच असलो की बोलायला काही सापडत नाही गं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. आम्ही हो म्हटलं.

पुढचा महिना काकांनी त्या रिसॉर्टचे रिव्ह्यू वाचण्यात घालवला. आधी मिळतील तितके रिव्ह्यू जमवले, मग लिहिणाऱ्यांची वर्गवारी केली. तिथे लग्न लावलेले लोक, बाद. त्यांना सगळंच सुंदर दिसतं. तिथे पोट बिघडलेले लोक, तेही बाद. त्यांना काहीच सुंदर दिसत नाही. "जो कपाटातल्या हँगरबद्दल लिहितो," काका म्हणाले, "तो भरवशाचा माणूस." असे अकरा भरवशाचे लोक त्यांना सापडले. मग रिसॉर्टला प्रश्नांची ईमेल सुरू झाली. भरतीच्या वेळी खुर्चीपासून पाणी किती लांब असतं? मुलांच्या क्लबमध्ये जो मगर बनून नाचतो त्याला पोहता येतं का? रिसॉर्टकडून दर वेळी एकच उत्तर यायचं की मिस्टर निमकर, तुमच्या स्वागताला आम्ही अगदी आतुर आहोत. काका मला ते वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "उत्तर दिलेलं नाही. नुसता आनंद कळवलाय."

आणि मग रेवाचा तो फोन आला. आमच्याच स्वयंपाकघरात. काकांच्या हाताला थालीपिठाचं पीठ लागलेलं, म्हणून त्यांनी स्पीकर लावायला सांगितला.

"बाबा, एक कंडिशन आहे," रेवा म्हणाली. "पाच दिवस एकसुद्धा कम्प्लेंट नाही. फ्रंट डेस्कला नाही, वेटरला नाही, कुणाला नाही. तू एक जरी केलीस तर आम्ही नेक्स्ट फ्लाइटनं परत. आय मीन इट."

काकांनी थोडा विचार केला. "कम्प्लेंटची व्याख्या काय धरायची?"

"बाबा."

"बरं," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर आम्हाला वाटलं आता ते अटीतली पळवाट शोधतील. पण त्यांनी हात धुतले, थालीपीठ खाल्लं, आणि जाताना दोनदा सांगितलं की रेवा येतेय. थालीपिठाला नंबर द्यायचा राहून गेला.

अशी अट का, ते मला रिसॉर्टच्या रिसेप्शनला रेवाकडूनच कळलं. आमच्या खोल्या तयार व्हायला वेळ होता, हातात लाल सरबत, मनगटावर प्लास्टिकचे पट्टे, आणि काका घड्याळाकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत उभे. रेवा म्हणाली, लहानपणी कुठल्याही हॉटेलात आधी बाबा एकटा खोलीत जायचा. ती आणि आई सामान घेऊन बाहेर पॅसेजमध्ये. आत तो नळ सोडून बघणार, दिवे, कप्पे, तिजोरी, फ्लश दोनदा. नऊ वर्षांची असताना एकदा ती कमरेला रबरी टायर अडकवून बाहेर उभी होती. बाबाने त्या दिवशी तीन खोल्या बदलून घेतल्या. तिसरी पास झाली तेव्हा पूल बंद झाला होता. ती हे हसत सांगत होती, पण नजर सारखी काकांवर.

पहिल्या जेवणालाच मला कामाला लावण्यात आलं. काका माझ्या शेजारी सरकून हळूच म्हणाले, "मेघना, तुझं सूप गार आहे."

मी म्हटलं, "नाही हो काका, चांगलं गरम आहे."

"नाही. तुझं गार आहे. सांग त्याला."

आता काय करता. मी वेटरला बोलावून सूप गार आहे म्हणून सांगितलं, त्याने माझं वाफाळतं सूप नेलं, माफी मागत दोन भांडी आणली, एक काकांनी घेतलं. मग माझा पंखा आवाज करायला लागला, माझा टॉवेल खरखरीत निघाला, माझ्या उशीला वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या अख्ख्या रिसॉर्टमध्ये माझ्याइतकी खडूस बाई कुणी नव्हती. मी डायनिंग हॉलच्या दारात दिसले की सूपवाला आपणहून गॅस मोठा करायचा. अमेय माझ्यापासून दोन पावलं लांब चालायचा.

रेवा काही दुधखुळी नाही. तिने मला सरळ विचारलं, "मेघना, या कम्प्लेंट्स तुझ्या आहेत की बाबाच्या?" मला खोटं बोलता येत नाही, माझे कान लाल होतात. अटीत दुरुस्ती झाली. दुसऱ्याच्या तोंडून केलेलीही धरणार.

मग काकांनी स्तुती करून पाहिली. रात्रीच्या जेवणाला वेटरला जवळ बोलावून म्हणाले, चमचा अतिशय उत्तम आहे, दुसरा असता तर अजून उत्तम झालं असतं. रेवाने काटा खाली ठेवला आणि मॅटला विचारलं की परतीची फ्लाइट्स किती वाजता असतात. काकांनी त्या एका चमच्याने सूप, भात, डाळ आणि आइसक्रीम खाल्लं.

तिथून पुढे काका गप्प. काही खटकलं की ते समुद्राकडे बघायचे. इतकं पक्कं की ते समुद्राकडे वळले की मी आजूबाजूला शोधायला लागायची, आता काय बिघडलंय. एकदा संध्याकाळी जादूचे प्रयोग चालू होते, समुद्र पाठीमागे होता, तरी त्यांनी पूर्ण वळून बघितलं, तेव्हा मला जादूगाराच्या बाहीतून डोकावणारं कबूतर दिसलं. खुर्च्या टॉवेल टाकून अडवू नयेत अशी ठळक पाटी, आणि पाटीखालच्याच ओळीतल्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल. काकांनी ती पाटी दोनदा वाचली, समुद्राकडे बघितलं आणि वाळूत बसले. 'इंडियन नाइट'ला समोशात चीज आणि अननस होतं. मी एक घास घेऊन कागदात काढला. काकांनी पूर्ण खाल्ला आणि "वा" म्हणाले. ते "वा" ऐकून अमेय घाबरला. हळूच म्हणाला, "यार, काकांना बरं नाहीये का?"

तसे ते जरा उतरलेले दिसत होतेच. अमेय सकाळी सहाला पळायला जायचा तर काका आधीच किनाऱ्यावर फेऱ्या मारत असायचे. दुपारी सावलीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. इराला त्यांची खोली बघायची होती, तर म्हणाले खोली आवरलेली नाही. ज्या माणसाच्या घरी मोजेसुद्धा उभ्या घडीत असतात, त्याची खोली आवरलेली नाही. मी म्हटलं असेल, सुट्टीवर आलाय बिचारा.

पण नीलबरोबर त्यांची मजा चालली होती. नीलच्या प्लास्टिकच्या बादलीला बारीक चीर होती. काका आणि नील दोघंही ती पाण्याने भरायचे, किती पावलांत रिकामी होते ते मोजायचे, आणि नील ओरडून आकडा सांगायचा. तीन दिवसांत त्या पोराला त्यांनी पूर्ण आपल्या पंथात घेतलं. तो आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या हातातल्या शिरा दाबून बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि रेवा पाण्यात पाय सोडून त्या दोघांकडे बघत बसलो होतो. रेवा आपण होऊनच बोलायला लागली. म्हणाली, आई शेवटच्या दिवशी सारखी म्हणत होती थंडी वाजतेय. बाबा हॉस्पिटलच्या काउंटरवर ब्लँकेट मागायला गेला. त्यांनी दिलं ते पातळ होतं. तो परत गेला. "तो तिथे त्यांना समजावून सांगत होता, मेघना. आय कुड हिअर हिम. आणि इकडे आई गेली. मी एकटी होते खोलीत."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ब्लँकेट खरंच पातळ होतं," ती पायाने पाणी ढवळत म्हणाली. "ही वॉज राइट. तो नेहमी राइटच असतो." मग डोळे पुसून म्हणाली की आता मात्र तो खूप चांगला वागतोय, इतका की तिला भीती वाटतेय, कधी काउंटरकडे निघेल याची ती वाटच बघतेय.

चौथ्या दिवशी काका नाश्त्याला आले नाहीत. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. खोलीतला फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. रेवाचा चेहरा उतरला. मी मुलांना अमेय आणि मॅटच्या गळ्यात टाकलं आणि आम्ही दोघी वर गेलो. दाराला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी होती, बरंच ठोठावल्यावर ते बोटभर उघडलं. फटीतून काकांचं अर्धं तोंड दिसलं, तेही वाकडं. मान एका बाजूला आखडली होती. म्हणाले, "जरा उशीर झाला. तुम्ही व्हा पुढे, मी येतोच."

रेवाने दार ढकललं.

पलंगाच्या बरोबर वर ए.सी. होता आणि तो गळत होता. एका जागी नाही, चार जागी. गादी तीन चतुर्थांश ओली, चादर काढून खुर्चीवर वाळत घातलेली. पलंगावर एका धारेखाली बर्फाची बादली, दुसरीखाली कचऱ्याचा डबा, तिसरीखाली कॉफीचं भांडं, आणि चौथीखाली काकांनी घरून आणलेला चिवड्याचा स्टीलचा डबा. चारही भांडी अर्धी भरलेली. बाहेर बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर लावलेल्या आणि त्यांच्यावर घडी केलेली शाल. तीन रात्री हा पासष्ट वर्षांचा माणूस तिथे झोपला होता.

टेबलावर हॉटेलचं छोटं पॅड होतं. त्यात काकांचं मोत्यासारखं अक्षर. पहिला दिवस: ए.सी.ची गळती, अपेक्षित कोरडा पलंग, प्रत्यक्ष ओला, सेव्हरिटी एक. दुसरा दिवस: गळती वाढली, डबा लावला. तिसरा दिवस: मान धरली. आणि प्रत्येक नोंदीखाली लिहिलं होतं, "दाखल केलेली नाही." मी आयुष्यात इतकं व्यवस्थित लिहिलेलं गाऱ्हाणं वाचलेलं नाही, आणि ते त्यांनी कुणालाही दाखवलं नव्हतं. मलासुद्धा नाही, जिचं सूप दोन दिवस गार होतं.

रेवाने पॅड वाचलं. परत वाचलं. "बाबा, तीन दिवस? फोन उचलून सांगायचं ना. दोन मिनिटांत दुसरी रूम दिली असती."

काकांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते अख्खेच तिच्याकडे वळले.

"तू निघून गेली असतीस," ते म्हणाले.

एखादा नळ गळतो हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाले. मला सरळ रडू फुटलं. मी तोंड बाल्कनीकडे केलं.

 रेवाने पॅड मुठीत धरलं आणि ती दाराकडे निघाली. मी खाली जाते, म्हणाली, आत्ताच्या आत्ता मॅनेजरला वर आणते, बघतेच त्यांना. चाल थेट बापाची. काकांनी घाईघाईने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. मानेतून कळ गेली असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नको जाऊस."

"बाबा, ही माझी कम्प्लेंट आहे. तुझी नाही."

"असू दे. मी तेव्हा काउंटरवर गेलो होतो. जायला नको होतं." काकूंच्या त्या दिवसाबद्दल त्यांना बोलताना मी कधीही ऐकलेलं नव्हतं, आणि रेवाच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिनेही ऐकलेलं नव्हतं. "बस इथे जरा. काउंटर कुठे पळून जात नाही."

गादीची एक कड तेवढी कोरडी होती, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. काका तिथे बसले आणि रेवा त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या आखडलेल्या मानेवर हात ठेवला. भांड्यांत पाणी टपकत होतं. मी तिच्या मुठीतून ते पॅड हळूच काढून घेतलं, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि खाली काउंटरवर गेले.